विमान सरळ का चालत नाही?

घरच्या सिम्युलेटरवर नव्यानं बसलेल्या माणसाला हवेत फारसा त्रास होत नाही. त्रास होतो तो जमिनीवर. मुंबई विमानतळ निवडावा, इंजिन सुरू करावं, पार्किंग ब्रेक सोडून थ्रॉटल जरा पुढे ढकलावा, की विमान टॅक्सीवेची पिवळी रेघ सोडून गवताकडे निघतं. उजवं पेडल दाबलं तर ढिम्म. आणखी जोर दिला तर एकदम गिरकी. सावरायला डावं दाबावं तर दुसऱ्या बाजूचं गवत. शेवटी वैतागून माणूस मेनूत जातो आणि उड्डाण थेट रनवेवरून सुरू करण्याचा पर्याय निवडतो. सिम्युलेटर उडवण्यात मुरलेले, पण टॅक्सी करायची, म्हणजे विमान जमिनीवर चालवायचं म्हटलं की टाळाटाळ करणारे लोक बरेच असतात.

सिम्युलेटर घडवणाऱ्यांनी ही पळवाट पहिल्यापासून देऊन ठेवली आहे. ब्रूस आर्टविक यांनी १९७९ च्या सुमारास ॲपल टू या संगणकासाठी पहिला ‘फ्लाइट सिम्युलेटर’ तयार केला. मायक्रोसॉफ्टनं १९८२ मध्ये आयबीएम पीसीसाठी आणलेला सिम्युलेटरही त्यांच्याच हातचा. त्यात खेळणारा सुरुवातीलाच शिकागोच्या मेग्ज फील्ड विमानतळाच्या रनवेवर उभा असे. थ्रॉटल पुढे केला की उड्डाण. पुढच्या चाळीस वर्षांत पंखांवरची हवा, ढग, पाऊस, डोंगरांचे उतार या सगळ्यावर प्रचंड मेहनत झाली. टायर डांबरावर कसा घासतो, याकडे त्या मानानं कमी लक्ष गेलं. माझ्या मते मायक्रोसॉफ्ट, एक्स-प्लेन आणि फुकट मिळणारा फ्लाइटगिअर, तिघांचीही कच्ची बाजू आजही जमीनच आहे.

असं असूनही सगळा दोष सिम्युलेटरच्या माथी मारता येत नाही. वळण्याबद्दलच्या तक्रारी नीट तपासल्या तर बऱ्याचशा बिघाडाच्या निघतच नाहीत. विमान जसं वागायला हवं तसंच वागत असतं. आपण मात्र त्याच्याकडून दुसऱ्याच विमानाची अपेक्षा करत असतो. म्हणून सेटिंगांत हात घालण्याआधी दोन गोष्टींचा छडा लावायचा. आपण नेमक्या कुठल्या विमानात बसलो आहोत, आणि पायानं दिलेला हुकूम चाकापर्यंत पोचतो की मध्येच अडतो?

दुसऱ्या प्रश्नासाठी एक सोपी तपासणी आहे आणि ती बहुतेक लोक करत नाहीत. विमान उभं असताना कॅमेरा बाहेर न्या. मागून शेपटीकडे पाहत पेडल एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे दाबा. शेपटीच्या उभ्या पंखाला मागच्या बाजूनं जोडलेला हलता भाग म्हणजे रडर. तो पूर्ण वळतो का, मध्ये आल्यावर मध्येच राहतो का, उगाच थरथरतो का, हे बघा. मग कॅमेरा पुढे आणून नाकाच्या चाकाकडे पाहा. काही विमानांत चाक फिरण्याचं दृश्य विमान जरा हलल्यावरच दिसतं, तेव्हा अगदी हळू पुढे सरकत पाहिलं तरी चालेल.

आता निदान जवळजवळ आपोआप होतं. रडरही हलत नाही आणि चाकही नाही, तर हुकूम विमानापर्यंत पोचलेलाच नाही. दोष पेडलात, वायरीत किंवा सेटिंगात शोधायचा. रडर झकास हलतो पण चाक जागचं हलत नाही, तर पेडल निर्दोष आहेत आणि गोष्ट त्या विमानाच्या रचनेची आहे. दोन्ही हलतात तरी विमान सरळच जातं, तर ब्रेक, वेग किंवा घसरणारी जमीन. आणि पाय पेडलावर नसतानाही रडर हलत असेल, तर कुणीतरी दुसरंच हुकूम देतंय. ही तपासणी न करता लोक पहिल्या झटक्यात सेन्सिटिव्हिटीचे, म्हणजे पेडल किती दाबलं की रडर किती वळावा हे ठरवणारे आलेख ओढत बसतात. दोष तिथे क्वचितच असतो, आणि आलेख बिघडवून ठेवल्यावर खरा दोष सापडणं दुप्पट कठीण होतं.

विमानाच्या रचनेकडे आधी वळू, कारण खरी गंमत तिथेच आहे.

शिकाऊ वैमानिकांचं विमान म्हणजे सेसना १७२. त्याच्या नाकाचं चाक पेडलांना स्प्रिंगच्या जोडणीनं बांधलेलं असतं. नुसत्या पेडलांनी ते प्रत्येक बाजूला सुमारे १० अंशच वळतं. त्याहून घट्ट वळण हवं असेल तर त्या बाजूच्या चाकाचा ब्रेक दाबायचा. मग स्प्रिंग ताणली जाते आणि चाक ३० अंशांपर्यंत जातं. हे ब्रेक पेडलांच्या वरच्या टोकाला असतात, पायाच्या चवड्यानं दाबायचे. म्हणून त्यांना टो ब्रेक म्हणतात. ज्याच्याकडे पेडल नाहीत, नुसती जॉयस्टिक आहे, त्याला सेसना पार्किंगच्या जागेतून बाहेर काढताना ती वळतच नाही असं वाटतं. त्याच्या हातात १० अंशच आहेत, उरलेले २० ब्रेकमध्ये दडलेले आहेत. डाव्या आणि उजव्या ब्रेकला कीबोर्डवरची किंवा जॉयस्टिकची दोन स्वतंत्र बटणं नेमून दिली, की ही अडचण तिथेच संपते.

सिरस एसआर२२ किंवा डायमंड डीए४० मध्ये बसलात तर पेडल आणि नाकाचं चाक यांच्यात कसलाच संबंध नाही. ऑफिसच्या खुर्चीखालच्या चाकासारखं ते स्वतःच्या खुंटीभोवती मोकळं फिरतं, विमान जिकडे ओढलं जाईल तिकडे. हळू वेगात वळायचा मार्ग एकच, एका बाजूचा ब्रेक. वेग वाढला की रडरवर हवा लागते आणि मग पेडल कामाला येतात. प्रत्यक्षात सिरसवर नव्यानं येणारे वैमानिकही पहिल्या दिवशी नागमोडी चालतात. तेव्हा सेसना ठीक वळते आणि सिरस वळत नाही अशी तक्रार असेल, तर पेडल उघडून बसू नका. वळणाच्या बाजूचा ब्रेक हलकेच दाबा, सोडा, पुन्हा दाबा. सतत दाबून धरलात तर ब्रेक तापतात. काही सिम्युलेटर विमानांत तर ते तापून निकामी होण्याचंही गणित घातलेलं असतं.

शेपटीवर बसणाऱ्या विमानांची तऱ्हा आणखी न्यारी. जेआरडी टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून जुहूला टपाल आणलं ते पुस मॉथ याच जातीचं. दोन मोठी चाकं पुढे, मागचं टोक जमिनीवर. या विमानांचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. त्यामुळे विमान थोडं जरी तिरकं झालं तरी मागचं वजन ते तिरकेपण वाढवतच नेतं आणि शेवटी विमान स्वतःभोवती फिरून उलट्या तोंडानं उभं राहतं. वैमानिक याला ग्राउंड लूप म्हणतात. सिम्युलेटरमध्ये तो घडला, की समजायचं सिम्युलेटर चांगला आहे.

शेपटीच्या चाकाला पुष्कळ विमानांत कुलूप असतं. टॅक्सी करताना ते उघडायचं, रनवेवर नाक सरळ झालं की लावायचं. अमेरिकन पी-५१ मस्टँगमध्ये ही सोय विमान उडवायच्या दांड्यातच आहे. दांडा मागे ओढलेला असेल तर शेपटीचं चाक रडरला जोडलेलं राहतं आणि दोन्ही बाजूंना ६ अंश वळतं; दांडा पुढे ढकलला की चाक मोकळं होऊन गरागरा फिरतं. हे ठाऊक नसलेला माणूस दांडा मध्यावर ठेवून टॅक्सी करतो आणि विमान कधी वळतं, कधी भलतीकडेच फिरतं म्हणून सिम्युलेटरला शिव्या देतो. ब्रिटिश स्पिटफायरमध्ये तर टो ब्रेकच नाहीत. दांड्यावर सायकलच्या ब्रेकसारखी एक मूठ आहे. ती दाबायची आणि रडर ज्या बाजूला वळवलेला असेल त्या बाजूच्या चाकाला हवेच्या दाबाचा ब्रेक जास्त लागतो. अशा विमानाची कागदपत्रं सिम्युलेटरच्या फोल्डरमध्ये असतात. वळत नाही म्हणण्याआधी ती दहा मिनिटं वाचलेली बरी.

हुकूम विमानापर्यंत पोचतच नाही किंवा अर्धवट पोचतो, याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे एका रडरला दोन मालक. हल्लीच्या बऱ्याचशा जॉयस्टिकचा दांडा स्वतःभोवती पिळता येतो. ज्यांच्याकडे पेडल नाहीत त्यांच्यासाठी ती रडरची सोय. मग हौस वाढते आणि माणूस पेडल विकत घेतो. यूएसबीला जोडल्याबरोबर सिम्युलेटर त्यांना ओळखतो, आपणहून रडरचा अ‍ॅक्सिस नेमून देतो, आणि जॉयस्टिकच्या पिळाला आधीच दिलेला रडर मात्र तसाच ठेवतो. टेबलावर एक्सबॉक्सचा कंट्रोलर जोडून ठेवला असेल तर तिसराही मालक असू शकतो.

आता तुम्ही उजवं पेडल पूर्ण दाबता. सिम्युलेटरला निरोप जातो, रडर उजवीकडे. त्याच क्षणी जॉयस्टिकच्या दांड्याला हाताचा किंचित धक्का लागतो आणि तिच्याकडून निरोप येतो, रडर मध्यावर. सिम्युलेटर शेवटचा निरोप खरा मानतो. रडर उडी मारून मध्यावर येतो, पेडल जरा हललं की पुन्हा उजवीकडे, पुन्हा मध्यावर. बाहेरून पाहिलं तर रडर फडफडताना दिसतो आणि टॅक्सीवेवर विमान झटके देत चालतं. माणूस पेडलाला दोष देतो, दुकानात परत करतो, दुसरे आणतो, पुन्हा तेच.

इलाज दोन मिनिटांचा आहे. कंट्रोलच्या मेनूत जाऊन जोडलेलं प्रत्येक उपकरण एकेक करून उघडा आणि रडर हा शब्द कुठे कुठे दिसतो ते शोधा. पेडल सोडून बाकी सगळीकडून तो काढून टाका. एक्स-प्लेनमध्ये त्या अ‍ॅक्सिसला काहीही नेमून न देण्याचा पर्याय निवडायचा. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये मूळ प्रोफाइल बदलता येत नाही, तेव्हा त्याची प्रत काढून, तिला स्वतःचं नाव देऊन त्यात बदल करायचा. ब्रेकच्या नेमणुकाही याच फेरीत पाहून घ्या. तोच घोळ तिथेही असतो. आणि लक्षात ठेवा, अपडेटनंतर किंवा उपकरण वेगळ्या यूएसबी खाचेत लावल्यावर नेमणुका बदललेल्या आढळू शकतात. काल चालत होतं, आज चालत नाही, असं झालं की पहिली नजर इथे.

ऑटो-रडर नावाची मदतही याच कुळातली. पेडल नसलेल्या माणसासाठी ती दांडा डावी-उजवीकडे झुकवल्यावर रडरही त्याबरोबर वळवते. म्हणजे जमिनीवर विमान जॉयस्टिकनं वळतं, मोटारीच्या स्टिअरिंगची सवय असणाऱ्याला ते बरं वाटतं. पेडल आल्यावर मात्र ही मदत बंदच केली पाहिजे, नाहीतर पाय एक सांगतो आणि हात दुसरं. कीबोर्डवर उडवणाऱ्यांची अडचण निराळी. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये रडरच्या कळा पूर्वापार नंबर पॅडवरच्या शून्य आणि एंटर या आहेत. लहान लॅपटॉपला नंबर पॅडच नसतो. कळ अस्तित्वातच नाही, तर रडर हलणार कसा? मेनूतून दुसऱ्या दोन कळा नेमून घ्यायच्या आणि रडर मध्यावर आणणारी एक कळही जवळ ठेवायची, कारण कीबोर्डनं वळवलेला रडर कळ सोडल्यावर आपणहून मध्यावर येईलच असं नाही.

टो ब्रेकचा एक दोष तर इतका सर्रास आढळतो की तो पेडलांबरोबरच खोक्यातून येतो म्हणायला हरकत नाही. कित्येक पेडलांचे ब्रेक सिम्युलेटरला उलटे कळतात. पाय बाजूला ठेवला की सिम्युलेटरच्या लेखी ब्रेक पूर्ण दाबलेले, आणि चवड्यानं दाबले की सुटलेले. दोन्ही ब्रेक उलटे असतील तर विमान जागचं हलत नाही आणि माणूस निदान संशय तरी घेतो. एकच उलटा किंवा एकच अर्धवट अडकलेला असेल तर विमान त्या बाजूला वर्तुळं काढतं आणि दोष रडरवर जातो. सपाट जमिनीवर सेसना १७२ सुमारे १,००० आरपीएमला सुस्तपणे चालू लागते. तिला हलवायला १,८०० आरपीएम लागत असतील तर कुठला तरी ब्रेक घासतोय. मेनूतला अ‍ॅक्सिस उलटा करण्याचा चौकोन टिक केला की काम झालं. काही पेडल संगणक चालू झाल्यावर एकदा तळापर्यंत दाबून सोडेपर्यंत ब्रेकची खरी जागा सांगत नाहीत, म्हणून विमान सुरू करण्याआधी दोन्ही पेडल एकदा शेवटपर्यंत दाबून घेण्याची सवय चांगली.

सेटिंग सगळी बरोबर असूनही रडर थरथरत असेल तर पेडलाच्या पोटात शिरावं लागतं. स्वस्त पेडलांत आणि जॉयस्टिकमध्ये पायाची हालचाल मोजायला पोटेन्शिओमीटर असतो. कार्बनच्या पट्टीवर एक धातूची जीभ घासत फिरते आणि ती जिथे असेल त्यानुसार विजेचा दाब बदलतो. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे हाच भाग असे, आणि बटण फिरवताना होणारी खरखरही याच पट्टीची. धूळ बसली, पट्टी झिजली की आकडा उड्या मारू लागतो. महागड्या पेडलांत त्याऐवजी हॉल सेन्सर असतो. तो चुंबकाचं क्षेत्र मोजतो, काहीच कशावर घासत नाही, म्हणून झिजतही नाही.

हा दोष सिम्युलेटर बंद ठेवून पकडायचा. विंडोजमध्ये गेम कंट्रोलरची एक छोटी खिडकी असते. शोधाच्या चौकटीत जॉय डॉट सीपीएल असं इंग्रजीत लिहिलं की ती उघडते. तिथे पेडलाची पट्टी दिसते. पाय काढून घेतल्यावर ती स्थिर राहायला हवी. ती मध्यावर नसेल तर तिथूनच कॅलिब्रेशन करायचं. ती थरथरत असेल तर दोष यंत्रात आहे आणि सिम्युलेटरच्या मेनूत कितीही फिरलात तरी तो जाणार नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा पट्टीवर मारून पेडल दहा-वीस वेळा पुढे-मागे केलं तर पुष्कळदा थरथर थांबते. थोडीशीच उरली तर डेड झोन वाढवायचा, म्हणजे मध्याजवळची बारीक हालचाल सिम्युलेटरनं मोजायचीच नाही. पट्टी मध्येच गायब होऊन परत येत असेल तर यूएसबीकडे बघा. वीज वाचवण्यासाठी विंडोज यूएसबीची खाच झोपवतो. पॉवरच्या सेटिंगमधून ते बंद करता येतं. जॉयस्टिक, पेडल, थ्रॉटल असं सगळं एकाच बिनविजेच्या हबवर लटकवलं असेल तर स्वतंत्र वीज घेणारा हब आणा.

इथवर सगळं ठीक आणि तरीही विमान एकाच बाजूला ओढतं? मग हवा आणि पंखा. सिम्युलेटरमध्ये लाइव्ह वेदर चालू ठेवून पावसाळ्यात मुंबईच्या रनवे २७ कडे निघा. वारा नैऋत्येचा. रनवेच्या टोकाशी पोचायला पूर्वेकडे जावं लागतं, म्हणजे वारा उजव्या मागल्या अंगानं येतो. शेपटीचा उभा पंख तो झेलतो, शेपूट डावीकडे ढकलली जाते आणि नाक उजवीकडे जातं. रनवेवर वळून पश्चिमेला तोंड केलं की तोच वारा डाव्या बाजूनं पुढून येतो आणि आता नाक डावीकडे खेचलं जातं. विमान दोन्ही वेळा वाऱ्याकडेच तोंड करू पाहतं. मगाशी उजवीकडे आणि आता डावीकडे ओढतंय म्हटल्यावर पेडल बिघडलं असं कुणालाही वाटेल. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या आवृत्तीत हा परिणाम वाजवीपेक्षा जास्त होतो अशी ओरड बराच काळ चालली, पण परिणाम स्वतः खरा आहे.

त्यात पंख्याचं ओढणं मिसळतं. सेसनाचा पंखा आतून पाहताना घड्याळाच्या दिशेनं फिरतो. पूर्ण थ्रॉटल दिल्यावर त्याचा मागे जाणारा पिळदार झोत शेपटीच्या डाव्या अंगावर आदळतो, इंजिनाचा उलटा पीळ डाव्या चाकावर भार टाकतो, आणि दोन्ही मिळून नाक डावीकडे नेतात. उजवं पेडल दाबून धरणं हा उड्डाणाचा भागच आहे. ग्रिफन इंजिनाच्या स्पिटफायरचा पंखा उलट्या दिशेनं फिरत असल्यामुळे ती उजवीकडे ओढायची. मर्लिन इंजिनाच्या जुन्या स्पिटफायरवर पाय बसलेल्या वैमानिकांना ही सवय मोडावी लागली.

खरं-खोटं करायला हवामान शून्य वाऱ्याचं करा, इंजिन आयडलवर ठेवा आणि विमान सपाट जागी हळू चालवून पाहा. आता ते सरळ गेलं तर बिघाड नाही. अजूनही ओढत असेल तर रडर ट्रिम, म्हणजे रडर एका बाजूला किंचित वळवून ठेवणारी सोय, मध्यावर आहे का पाहा. मागच्या उड्डाणात चुकून कळ दाबली गेली आणि विमान त्याच स्थितीत जतन झालं तर ट्रिम तिरकाच राहतो. दोन इंजिनांच्या विमानात दोन्ही थ्रॉटल बरोबरीनं चालतात का तेही बघा. घरच्या थ्रॉटलचे दोन दांडे एका रेषेत दिसले तरी त्यांचे आकडे सारखे असतीलच असं नाही, आणि एक इंजिन जरा जास्त फिरलं की विमान दुसऱ्या बाजूला वळतं.

मोठ्या प्रवासी विमानांत पेडलाचं महत्त्व एकदम उतरतं. बोइंग ७३७ मध्ये पेडलांनी नाकाचं चाक जेमतेम ७ अंश वळतं. टॅक्सीवेवरची वळणं घ्यायला कॅप्टनच्या डाव्या हाताशी टिलर नावाचा छोटा दांडा असतो, त्यानं चाक ७८ अंशांपर्यंत जातं. एअरबस ए३२० मध्ये हेच आकडे ६ आणि ७५. घरी टिलर नसतो. काही सिम्युलेटर विमानं घरच्या माणसाची सोय म्हणून पेडलांनाच पूर्ण कोन देऊन टाकतात. काही प्रामाणिक असतात आणि देत नाहीत. दुसऱ्या प्रकारच्या विमानात पेडल तळापर्यंत दाबूनही नव्वद अंशांचं वळण घेता येत नाही. तेव्हा मघाशी रडरवरून काढून टाकलेला जॉयस्टिकचा पीळ टिलरला नेमून द्यायचा. नोजव्हील स्टिअरिंग किंवा टिलर अशा नावाचा वेगळा अ‍ॅक्सिस मेनूत सापडतो. घरगुती मांडणीत यापेक्षा चांगला जुगाड मला माहीत नाही.

टिलर नेमूनही चाक हलत नसेल तर कॉकपिटकडे बघा. एवढं मोठं चाक हायड्रॉलिक दाबानं फिरतं. ७३७ मध्ये हा दाब नेहमीच्या वेळी सिस्टीम ए पुरवते. तिचे पंप चालू करायचे राहिले तर टिलर नुसताच फिरतो. नव्या ७३७ मध्ये नॉर्मल आणि ऑल्टरनेट असा एक स्विच असतो, तो ऑल्टरनेटवर टाकला की सिस्टीम बीचा दाब घेता येतो. ए३२० मध्ये अँटी-स्किड आणि नोजव्हील स्टिअरिंगचा एकत्र स्विच आहे. तो बंद असेल तर चाक वळणार नाही. मागे ढकलणारा ट्रॅक्टर जोडलेला असताना तर स्टिअरिंग मुद्दाम तोडलेलं असतं, नाहीतर ट्रॅक्टर आणि टिलर एकमेकांशी झुंजतील. सिम्युलेटरमध्ये पुशबॅक संपल्यासारखा दिसतो, पण ट्रॅक्टर अजून सुटलेला नसतो. ए३२० च्या पडद्यावर स्टिअरिंग तोडल्याची ओळ दिसते आहे तोवर टिलरशी झगडण्यात अर्थ नाही. पार्किंग ब्रेक लावा, पुशबॅक रीतसर संपवा, ओळ गेली की निघा.

आपल्याच विमानात दोष आहे की सगळीकडे, हे ठरवायला सिम्युलेटरसोबत आलेलं साधं विमान उघडून पाहा. ते ठीक चाललं आणि विकत घेतलेलं किंवा कुणी हौसेनं बनवलेलं विमान चाललं नाही, तर दोष त्या विमानाच्या फाइलीत असण्याची शक्यता मोठी. मायक्रोसॉफ्टच्या घराण्यात विमान जमिनीला कुठे कुठे टेकतं याची एक यादी साध्या अक्षरांत लिहिलेली असते आणि त्यात प्रत्येक चाकाचा वळण्याचा कोनही असतो. तिथे १८० लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ चाक मोकळं फिरणारं. हौशी बनवणाऱ्यानं सेसनाच्या जातीच्या विमानाला चुकून १८० लिहिलं, तर ते सिरससारखं वागणार. फाइलीची प्रत बाजूला ठेवून हा आकडा बदलता येतो.

सेन्सिटिव्हिटीचा आलेख आता, सगळं तपासून झाल्यावर हातात घ्या. मध्याजवळ तो थोडा मऊ केला तर टॅक्सीची नागमोडी चाल कमी होते. मात्र फार मऊ केलात तर टोकाजवळ तो तितकाच तिखट होतो आणि उतरताना नेमका तिथे पाय जातो. खरं तर नागमोडी चालीचं कारण बहुधा घाई असते. विमान पेडलाला लगेच उत्तर देत नाही. ते वळू लागेपर्यंत माणूस दुप्पट दाबून बसतो. गर्दीच्या विमानतळावर संगणक दमला आणि चित्र अडखळू लागलं तर हे उत्तर आणखी उशिरा येतं, तेव्हा ग्राफिक्स जरा उतरवल्यानंही स्टिअरिंग सुधारतं. आणि वेग. पडद्यावर ३० नॉट हा वेग चालण्यासारखा वाटतो. प्रवासी विमानं तीक्ष्ण वळण घेताना १० नॉटच्या आसपास येतात. त्याहून वेगात टिलर पूर्ण फिरवला तर पुढचं चाक आडवं होऊन घासत जातं आणि विमान सरळच पुढे सरकतं. ओल्या रनवेवर तर नक्कीच.

मोठ्या विमानात वळण उशिरा सुरू करावं लागतं, कारण कॉकपिट नाकाच्या चाकाच्याही पुढे असतं. पिवळी रेघ आपल्या पायांखाली वळली म्हणून आपण वळलो, तर मागची मुख्य चाकं आतल्या बाजूच्या गवतात जातात. बोइंग ७७७-३०० मध्ये तर मुख्य चाकांच्या सहा-सहांच्या गटातला शेवटचा आस नाकाचं चाक जास्त वळलं की स्वतःही वळतो. रेघ कॉकपिटच्या मागे जाऊ द्यायची, मग टिलर फिरवायचा, आणि रनवेच्या मधोमध नाक आलं की टिलर सोडून पाय पेडलांवर ठेवायचे. ए३२० चा संगणक पुढचं काम आपोआप करतो. वेग २० नॉटच्या पुढे गेला की टिलरची सत्ता तो हळूहळू काढून घेतो, ४० नॉटनंतर पेडलांनी वळणारा चाकाचा कोनही कमी करत नेतो, आणि १३० नॉटला तो शून्यावर आणतो. तिथून पुढे विमान रनवेच्या मध्यावर धरायचं ते रडरनं.